ईव्हीत यू-०१ वाला कोड आलाय की यू-०४ वाला, ते आधी बघा

इलेक्ट्रिक गाडीच्या डॅशवर एबीएस, ट्रॅक्शन, ब्रेक, सगळे दिवे एकदम पेटलेत, रीजन (वेग कमी करताना मोटरने बॅटरीत वीज परत भरणं) बंद पडलंय, आणि कोड वाचायचा स्कॅनर लावला तर यू-ने सुरू होणारे, म्हणजे मॉड्यूलांच्या आपसातल्या संपर्काचे, पाच-सहा कोड. इथं बहुतेक जण लगेच म्हणतात, कॅन बस (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची लाइन) गेली, वायरिंग खोला. पण यू कोड म्हणजे वायरिंग असं समीकरण नाहीये, यातले दोन प्रकार, यू-०१ वाले आणि यू-०४ वाले, दिसायला जुळे आणि कारणं मात्र पार वेगळी.

उदाहरण एबीएसचंच घेऊ. यू-०१२१ म्हणजे एबीएस मॉड्यूलशी (एबीएस सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरशी) संपर्क तुटला, आणि यू-०४१५ म्हणजे एबीएसकडून आलेला डेटा अमान्य. एअरबॅगची तीच जोडी यू-०१५१ आणि यू-०४५२, बॅटरी कंट्रोल मॉड्यूलची यू-०१११ आणि यू-०४१२. शाळेतल्या हजेरीसारखं आहे हे, पहिल्यात नाव पुकारलं तर उत्तरच नाही, दुसऱ्यात पोरगं "हजर" म्हणतंय पण वही कोरी. (यू-१ ने सुरू होणारे कोड कंपनीचे स्वतःचे असतात, त्यांना हा हिशोब लावू नका, मॅन्युअल बघा.)

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी, आणि गल्लत इथूनच सुरू होते: कोडमध्ये नाव एबीएसचं असतं पण तो साठवलेला असतो दुसऱ्याच मॉड्यूलमध्ये, म्हणजे तक्रार करणारा एक आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो दुसरा. त्यामुळे कोड कुठल्या मॉड्यूलमधून वाचला हे लिहून ठेवल्याशिवाय पुढं जाऊच नका.

आता यू-०१२१. एबीएस ठराविक वेळाने, समजा दर १० किंवा २० मिलिसेकंदांनी, बसवर मेसेज टाकत असतं, तो ठरलेल्या मुदतीत आला नाही की समोरचा कोड टाकतो. मग बघायचं, तक्रार कितीजणांची आहे. मोटर कंट्रोलर, एअरबॅग, स्टिअरिंग सगळेच म्हणतायत एबीएस गायब आणि स्कॅनरलाही एबीएस उत्तर देत नाही, तर एबीएसचा सप्लाय, अर्थिंग किंवा त्याच्याकडे जाणारी कॅनची फांदी. एकटाच कोणी म्हणतोय आणि बाकीच्यांना एबीएस व्यवस्थित दिसतंय, तर घोळ बहुतेक त्या तक्रार करणाऱ्याच्या बाजूला किंवा मधल्या गेटवेत (वेगवेगळ्या बस जोडणारं मॉड्यूल). सप्लाय तपासताना नुसता मीटर लावून १२ व्होल्ट दिसले म्हणून खूष होऊ नका, वायरीतला एकच तार शिल्लक असला तरी मीटर १२ दाखवतो, तिथं २१ वॉटचा बल्ब लावा, पिवळट मिणमिणला की समजलं.

आणि वायरिंग तपासायचा तो ६० ओहमचा फंडा. १२ व्होल्टची बॅटरी सोडवून बसच्या दोन वायरी, कॅन-हाय आणि कॅन-लो, यांच्यामध्ये मोजायचं, दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर म्हणून ६० येतं, १२० आलं तर एक टोक सुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी चिकटल्यात. बरोबर आहे, पण दोन अडचणी आहेत. एक, बऱ्याच नव्या गाड्यांत ओबीडी सॉकेट (स्कॅनर लावायची जागा) गेटवेच्या मागे असतं, म्हणजे पिन ६ आणि १४ वर तुम्ही जे मोजताय ती आतली सेफ्टीची बस नाहीच. दुसरं, एबीएस मधल्या फांदीवर असेल आणि ती फांदीच तुटली असेल तर मुख्य लाइनवर ६० च दिसणार. त्यामुळे ६० आलं म्हणजे वायरिंग ओके, हे काही खरं नाही.

यू-०४१५ ला मात्र हे सगळं करण्यात वेळ घालवू नका, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. कॅनच्या प्रत्येक फ्रेममध्ये (म्हणजे एका मेसेजमध्ये) चूक पकडणारा सीआरसी असतो, क्लासिक कॅनमध्ये १५ बिटांचा. इन्व्हर्टरच्या नॉइजने किंवा लूज कनेक्टरने फ्रेममधला बिट बिघडला तर ती फ्रेम तिथंच फेकली जाते आणि पाठवणारा परत पाठवतो, बिघडलेला आकडा समोरच्या सॉफ्टवेअरपर्यंत जवळजवळ कधीच पोचत नाही. फारच चुका व्हायला लागल्या, पाठवणाऱ्याचा एरर काउंटर २५५ च्या पुढं गेला, की तो मॉड्यूल बस-ऑफ होऊन गप्प बसतो. म्हणजे वायर खराब असेल तर बहुतेक वेळा संपर्क तुटल्याचाच कोड येणार. डेटा अमान्य येतो तेव्हा फ्रेम धडधाकट पोचलेली असते, पाठवणाऱ्यानेच आत "या आकड्यावर विश्वास ठेवू नका" असं लिहिलेलं असतं, नाहीतर सेफ्टी मेसेजमधला चालता काउंटर (दर मेसेजला पुढं सरकणारा आकडा) एकाच आकड्यावर अडकलेला असतो.

म्हणून यू-०४१५ दिसला की सरळ एबीएसच्याच मेमरीत जायचं. तिथं समजा सी-००३५ सापडला, डाव्या पुढच्या चाकाचा स्पीड सेन्सर. झालं, उलगडा झाला: सेन्सर गेला, एबीएसने वेग अमान्य म्हणून जाहीर केला, मोटर कंट्रोलरने ब्रेकिंगची खात्री नाही म्हणून रीजन सोडलं, बाकीच्यांनी आपापला यू-०४१५ टाकला. पाच मॉड्यूल ओरडतायत आणि दोष एका सेन्सरच्या कनेक्टरमधल्या पाण्याचा. एबीएसमध्ये स्वतःचा कोडच नसेल आणि ते नुकतंच बदललेलं असेल तर कोडिंग किंवा कॅलिब्रेशन राहिलंय का ते बघा, नवीन मॉड्यूल कॉन्फिगर होईपर्यंत असंच वागू शकतं.

दोन्ही एकत्र आले तर? अशा वेळी माझा पहिला संशय १२ व्होल्टच्या बॅटरीवर. ईव्हीत स्टार्टर नाही म्हणून या बॅटरीकडे कोणी बघत नाही, पण हाय-व्होल्टेज कॉन्टॅक्टर (मोठ्या बॅटरीचा स्विच) जोडला जाऊन डीसी-डीसी (मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर) सुरू होईपर्यंत सगळे मॉड्यूल तिच्यावरच जागे होतात, व्होल्टेज खाली गेलं की कोणी रीसेट होतो, कोणी अर्धवट उठून अमान्य डेटा पाठवतो. फ्रीझ फ्रेममधलं (कोड पडला त्या क्षणाची साठवलेली नोंद) व्होल्टेज आणि कोडची वेळ बघा, सगळे एकाच क्षणाचे असतील तर कशाला उगाच डॅशबोर्ड खोलताय.

हे करताना नारिंगी, म्हणजे हाय-व्होल्टेजच्या, केबलला हात नाही, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये मीटर तर अजिबात नाही, मीटरचा छोटासा करंटसुद्धा तिथं धोक्याचा.

काम झाल्यावर कोड क्लिअर करून खात्री करताना पण फरक आहे. संपर्क खरंच तुटलेला असेल तर गाडी ऑन केल्यावर काही सेकंदांत कोड परत येतो, जागेवरच कळतं. डेटा अमान्यचं तसं नाही, चाकाचा सेन्सर असेल तर गाडी हलल्याशिवाय एबीएसला तो तपासताच येत नाही, तेव्हा रस्त्यावर चालवून आणून परत स्कॅन केल्याशिवाय गाडी देऊ नका.