शब्दखंडन

शब्दखंडन म्हणजे शब्द परमतत्त्वाचे ज्ञान करून देतो, या मताचे खंडन. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभव’ या ग्रंथातील सहाव्या प्रकरणाचे हे नाव आहे आणि मराठीत ही संज्ञा मुख्यतः तेथूनच परिचित झाली. जिथे दोन नाहीतच, त्या केवळ ‘असण्या’बद्दल भाषेला काही बोलता येते का, हा त्यातला प्रश्न. नावावरून वाटते तशी येथे शब्दाची निंदा मात्र नाही; प्रकरणाची सुरुवातच मुळी शब्दाच्या गौरवाने होते.

प्रश्न जुना आहे. वाणी मनासह ज्याला न गाठता मागे फिरते ते ब्रह्म, असे तैत्तिरीय उपनिषद सांगते. बृहदारण्यक उपनिषद ‘नेति नेति’ (हे नव्हे, हे नव्हे) म्हणून थांबते. पण शास्त्र हेही शब्दच असल्यामुळे वेदान्त्यांना एवढ्यावर थांबणे परवडणारे नव्हते. ‘तत्त्वमसि’ (ते तू आहेस) या वाक्याने बोध होतो तो कसा, हे सांगण्यासाठी शांकर परंपरेने लक्षणेचा, म्हणजे सरळ अर्थ सोडून सूचित अर्थ घेण्याचा, आधार घेतला. ‘तो हा देवदत्त’ म्हणताना ‘तेव्हाचा’ आणि ‘आत्ताचा’ हे विरोधी अंश सोडून आपण एकच माणूस घेतो, तसे जीव आणि ईश्वर यांच्या उपाधी, म्हणजे वेगळेपण भासवणारी विशेषणे, सोडून चैतन्य तेवढे घ्यायचे. म्हणजे शब्द थेट सांगत नाही, पण सुचवतो. दुसऱ्या टोकाला वैयाकरण भर्तृहरी उभा आहे. शब्दाचा माग नाही असे ज्ञानच नाही, अशी त्याची भूमिका. त्याच्या लेखी शब्द हेच ब्रह्म.

ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली सिद्ध झाली आणि 1296 साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. ‘अमृतानुभव’ या सहा वर्षांतला मानला जातो. दहा प्रकरणे, सुमारे 800 ओव्या. गीतेसारख्या मूळ ग्रंथाची टीका नसलेले हे स्वतंत्र लेखन आहे. निवृत्तिनाथांनी तसे करायला सांगितले, अशी परंपरा सांगते.

शब्दाचा विचार तिसऱ्या प्रकरणापासूनच सुरू होतो. त्याचे नाव वाचाऋणपरिहार. परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी (प्रत्यक्ष उच्चारलेली वाणी) या चार वाचा अविद्येची झोप मोडतात, म्हणून त्यांचे साधकावर ऋण आहे. पण अविद्या घालवताना जे ज्ञान उरते तेही अज्ञानाच्याच नात्याने ‘ज्ञान’ ठरते, म्हणजे तेही एक बंधनच. ‘ज्ञान हा बंध’ या, काश्मिरी शैव मताचा आधारग्रंथ असलेल्या ‘शिवसूत्रां’तील सूत्राचा ज्ञानेश्वरांनी येथे नाव घेऊन उल्लेख केला आहे. काश्मिरी शैव विचार नाथपंथाच्या वाटेने महाराष्ट्रात पोहोचल्याची चर्चा होते, तेव्हा अभ्यासक हमखास याच ओवीकडे बोट दाखवतात.

पाचव्या प्रकरणात सत्, चित् आणि आनंद ही तीन पदे तपासली आहेत. कांती, काठिण्य आणि सोने असे तीन शब्द वापरले तरी हातात सोने एकच, तसेच हे. शिवाय ही पदे काही सांगण्यापेक्षा काही नाकारण्यासाठी आली आहेत: ‘सत्’ असत् वारते, ‘चित्’ जडपण वारते, ‘आनंद’ दुःख वारतो. वारण्याचे काम झाले की ती मागे सरतात. फळ येताच फूल सुकते, मुखाला मुख दाखवून आरसा बाजूला होतो, निजलेल्याला जागे करून जागे करणारा निघून जातो. दृष्टांतांवर दृष्टांत रचण्याची ही ज्ञानेश्वरांची सवय कधी कधी वाचकाला दमवते, पण इथे ती नेमकी आहे, कारण प्रत्येक दृष्टांतात काम करणारी वस्तू निघून जाते.

सहाव्या प्रकरणाचा आरंभ ‘बाप उपयोगी वस्तु शब्दु’ असा आहे. स्मरण देणारा म्हणून शब्द प्रसिद्ध. अमूर्ताचा स्वच्छ आरसा तो. पाहणाऱ्याने आरशात पाहावे यात नवल नाही, पण या आरशाने न पाहणारा पाहणारा होतो. विधिनिषेधाच्या वाटा दाखवणारा दिवटा म्हणजे मशालजी शब्दच, आणि बंध व मोक्ष यांचे भांडण मिटवणारा शिष्टही तोच. एवढे कौतुक करून ज्ञानेश्वर विचारतात : या उपकारी वस्तूने आत्म्यासाठी काय केले? स्मरण द्यायचे तर आधी विस्मरण हवे. आत्मा स्वतःला विसरलेलाच नाही, तेव्हा आठवण कोणाला करून द्यायची? बरे, अविद्या नाहीशी करायची म्हटले, तर जे मुळात नाही ते नाहीसे कसे करणार? मृगजळ आटवायला कोणी निघावे तसे ते. ‘अविद्या’ या नावातच तिचे नसणे सांगितले आहे. आत्मा स्वयंप्रकाश, अविद्या असत्. दोन्हीकडे शब्दाला काम नाही.

उपनिषदातील वाणी पोहोचत नाही म्हणून परतते. ज्ञानेश्वरांचा शब्द निरुपयोगी ठरतो तो जायला अंतरच नसल्यामुळे. ‘शब्दांच्या पलीकडले’ हा मराठीत सर्रास वापरला जाणारा वाक्प्रयोग या प्रकरणाला म्हणूनच नीट लागू पडत नाही. पलीकडे म्हटले की काठ दोन झाले, आणि वाद तर दोनपणाशीच आहे. पुढचे अज्ञानखंडन हे सातवे प्रकरण ग्रंथात सर्वांत मोठे आहे. त्याचा रोख शांकर परंपरेतील भावरूप अज्ञानावर, म्हणजे अज्ञान ही केवळ ज्ञानाची उणीव नसून काहीतरी आहे या मतावर, आहे की ते मायावादाचेच (जग ही माया, या मताचे) टोक गाठणे आहे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. जग हा भ्रम नसून चैतन्याचाच विलास, ही ग्रंथाची एकूण दिशा पाहता पहिले मत अधिक पटते. त्या दृष्टीने शब्दही विलासातलाच. म्हणून त्याचे प्रमाणपद, म्हणजे ज्ञानाचे साधन हा मान, काढून घेतले तरी बोलणे बंद करावे लागत नाही.

मग शब्द निरुपयोगी ठरवण्यासाठी एवढ्या ओव्या कशाला? ही शंका दहाव्या प्रकरणात, ग्रंथपरिहारात, ज्ञानेश्वरांनी स्वतःच हाताळली आहे. माझी वैखरी मौनाचेही मौन करते, ही पाण्यावर रेखलेली मकरी आहे, असे ते म्हणतात. मकरी म्हणजे मकराची नक्षी. गप्प राहणे हेही त्यांच्या दृष्टीने बोलण्याच्या जोडीचे दुसरे टोक. तेही टिकू द्यायचे नाही.

विसाव्या शतकात हाच पेच मुंबईत खेतवाडीतल्या एका माळ्यावर मराठीतच पुन्हा बोलला गेला. सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य आणि विडीचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज (1897–1981) ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहायला सांगत, आणि ही जाणीवही न बोलावता आलेली असून तिच्याही अलीकडचे आपण आहोत असे पुढे जोडत. त्यांची निरूपणे मराठीत असत आणि परदेशी श्रोत्यांसाठी दुभाषा बसे. मॉरिस फ्रीडमन यांनी केलेले या संवादांचे इंग्रजी रूप 1973 साली ‘आय ऍम दॅट’ या नावाने निघाले, आणि जगभरचे वाचक त्यांना प्रामुख्याने त्या अनुवादातूनच ओळखतात.