अवांतर वाचन (शालेय)

पाठ्यपुस्तकाबाहेरची पुस्तके मुलांनी आवडीने, गुणांचा हिशेब मनात न ठेवता वाचणे आणि त्यासाठी शाळेने वेळ, जागा व पुस्तके मोकळी करून देणे, याला शालेय अवांतर वाचन म्हणतात. ‘अवांतर’ म्हणजे मुख्य विषय सोडून बाजूचे. शाळेत अशा वाचनाची जी पायरी आहे, ती या शब्दातच दिसते. ‘आनंददायी वाचन’ हा शब्द अलीकडे परिपत्रकांत रुळला आहे. घरात मात्र अजूनही “अवांतर पुरे, आता अभ्यासाला बस” हेच ऐकू येते. दहावीच्या पुस्तकातले ‘स्थूलवाचन’ हा वेगळा प्रकार आहे. नाव मोकळेढाकळे असले तरी त्यावर परीक्षेत प्रश्न येतात आणि त्यांची तयार उत्तरे गाइडात मिळतात.

मुलांसाठीची मराठी नियतकालिके जुनी आहेत. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ १८८१ मध्ये आणि वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये सुरू झाले. १९७१ मध्ये बालभारतीने ‘किशोर’ मासिक काढले. ज्या संस्थेची पाठ्यपुस्तके मुले पाठ करतात, तिनेच त्यांच्या विरंगुळ्याचेही मासिक चालवावे, ही महाराष्ट्रातली एक चांगली गोष्ट.

शाळेत गोष्टीची पुस्तके असावीत, हे सरकारी धोरणात बरेच आधी आले. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना द्यायच्या साहित्यात पुस्तकेही होती. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात तर प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे आणि तिथे वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तके हवीत, असे स्पष्ट म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेतून ग्रंथालयासाठी वार्षिक अनुदानाचीही सोय आहे.

पुस्तके शाळेत पोहोचली तरी मुलांच्या हातात पडतातच असे नाही. मधे लोखंडी कपाट असते. पुस्तकाची नोंद दाखल रजिस्टरात होते, त्यावर क्रमांक आणि शिक्का पडतो आणि ते शाळेची मालमत्ता होऊन बसते. बदली झाल्यावर चार्ज देताना पुस्तके मोजून द्यावी लागतात. एखादे कमी भरले तर भुर्दंड आपल्याच माथी, ही धास्ती शिक्षकाला असते. मग कपाटाला कुलूप लागते. हा शिक्षकाचा आळस म्हणून सोडून देता येत नाही; हरवलेल्या पुस्तकाचा हिशेब होतो, न वाचलेल्या पुस्तकाचा कुणी विचारत नाही. काही शाळांनी यावर साधा उपाय शोधला आहे : वर्गात मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर सुतळी बांधायची आणि पुस्तके कपडे वाळत घालावेत तशी, मुखपृष्ठ समोर ठेवून टांगायची. कपाटात दिसतो तो फक्त पुस्तकाचा कणा. पहिलीतल्या मुलाला त्यावरून काय कळणार? दोरीवर त्याला वाघ दिसतो.

दुसरा अडसर वाचून झाल्यावर येतो. ‘वाचलेल्या पुस्तकाचा सारांश लिहून आणा’ म्हटले की मुले सर्वांत पातळ पुस्तक उचलतात, आणि मागच्या पानावरचा मजकूर वहीत उतरतो. अनुभवी शिक्षक लिहायला न सांगता स्वतः वाचून दाखवतात. मुले अर्धगोलात बसतात, पुस्तक चित्र दिसेल असे त्यांच्याकडे वळवलेले असते आणि शिक्षक पान उलटण्याआधी क्षणभर थांबतात. “आता कोल्हा काय करेल?” या प्रश्नाला चूक उत्तर नसते, म्हणून मागच्या रांगेतला हातही वर जातो. असे प्रकटवाचन फक्त धाकट्यांसाठी, हा समज चुकीचा आहे. सातवी-आठवीची मुलेही तितकीच गुंगून ऐकतात.

घरची बोली वारली, कातकरी, पावरी किंवा कोरकू असलेल्या मुलांना पुस्तकातली प्रमाण मराठी परकी वाटते. पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथील ‘क्वेस्ट’ संस्थेच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात कलाकार आदिवासी भागातल्या शाळांत पुस्तकातली गोष्ट करून दाखवतात. गोष्ट आधी डोळ्यांसमोर घडली की अक्षरे पुढे फारशी परकी राहत नाहीत.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन, १५ ऑक्टोबर, राज्यात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी कपाटे उघडतात, पुस्तके मांडली जातात, फोटो निघतात. वाचनाची सवय मात्र रोजच्या वीस मिनिटांच्या ठरलेल्या तासिकेत लागते, त्यातही शिक्षक स्वतः पुस्तक घेऊन बसले तर. महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावरील भिलार हे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून खुले झाले. तिथे घरांच्या ओसरीवर, खोल्यांत पुस्तके ठेवलेली आहेत. कुणीही यावे, बसून वाचावे, विचारणारे कुणी नाही. सहलीला आलेल्या मुलांना तिथे नवल वाटते ते याचेच.

वाचनाला खरी सवड मिळते ती मे महिन्यात, आणि नेमकी तेव्हा शाळा बंद असते. काही शिक्षक सुट्टी लागताना प्रत्येक मुलाला चार-पाच पुस्तके पिशवीत घालून देतात आणि ‘भावंडांत फिरवा, जूनमध्ये आणा’ एवढेच सांगतात. विदर्भात उन्हामुळे शाळा इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे तिथे ही पिशवी जास्त दिवस पुरवावी लागते.