मूळ जलरंगी मत्स्यचित्र आणि हाताने रंगवलेला छाप

बांगड्याचे किंवा पापलेटाचे शे-दोनशे वर्षांपूर्वीचे चित्र समोर आले, की त्याला सरसकट जलरंगातले चित्र म्हटले जाते. प्रत्यक्षात अशी अनेक चित्रे छापील असतात. माशाची आकृती तांब्याच्या पत्र्यावर कोरून किंवा दगडावर रेखाटून कागदावर उमटवायची आणि मग प्रतीगणिक हाताने जलरंग भरायचे, ही त्या काळातल्या रंगीत मत्स्यग्रंथांची रूढ रीत होती. रंग दोन्हींकडे सारखेच असल्यामुळे नुसत्या नजरेची फसगत होते, भिंगाची होत नाही.

मूळ चित्रात रंगाखाली पेन्सिलीची फिकट, कुठे खोडून सुधारलेली रेघ सापडते आणि खवल्यांची छटा कुंचल्यानेच घडवलेली असते. छापात खवले, पर आणि कल्ल्याची कड शाईच्या रेषांनी आधीच पुरी झालेली असते; वरून फिरवलेला पातळ रंग कधी रेषेबाहेरही सांडतो. तांब्याच्या पत्र्याचा छाप असेल, तर चित्राभोवती पत्र्याच्या कडांचा चौकोनी दाब बोटाला जाणवतो. शिळाछापात तो नसतो.

माशाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हेही पाहावे. चित्र जसेच्या तसे पत्र्यावर कोरले, तर छापताना ते आरशातल्यासारखे उलटते. जाणते कारागीर म्हणूनच उलटे कोरत, पण सगळेच नव्हे. बांगडा उलटला तर फारसे बिघडत नाही. लेप या चपट्या माशाचे मात्र बिघडते. आपल्या जिभेसारख्या लांबट लेपाचे दोन्ही डोळे अंगाच्या डाव्या बाजूला असतात, त्यामुळे डोळ्यांची बाजू दाखवणाऱ्या चित्रात, पाठ वर धरली असता, त्याचे तोंड डावीकडेच यायला हवे. ते उजवीकडे आले, की डोळे उजव्या बाजूला असणाऱ्या सोल माशांच्या कुळात त्याची कागदोपत्री बदली होते.

रंगाच्या बाबतीत माझा कौल ताज्या माशावरून केलेल्या मूळ चित्राला. बांगड्याच्या पाठीवरची निळसर हिरवी झाक हर्णैच्या लिलावात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती किती लवकर मावळते हे सांगायला नको. मद्यार्कातल्या नमुन्यात तर ती उरतच नाही. छापात रंग भरणाऱ्यापुढे बहुधा मासा नसे, आधी रंगवलेली नमुना-प्रत असे. १७९५ मध्ये हलव्याचे, म्हणजे पापलेटासारख्या दिसणाऱ्या काळपट माशाचे, शास्त्रीय वर्णन करणारा मार्कुस ब्लॉख बर्लिनमध्ये होता आणि भारतातले मासे त्याला आजच्या तामिळनाडूतल्या तरंगमबाडीहून, जतन केलेल्या अवस्थेत मिळत. १७८२ ते १७९५ या काळात निघालेल्या त्याच्या ग्रंथात ४३२ चित्रे आहेत आणि माशांची चकाकी आणण्यासाठी त्यांत चांदीही वापरलेली आहे. चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळवंडते. म्हणून जुन्या छापात पापलेट काळपट दिसले, तर लगेच हलवा ठरवू नये, शेपटीचा देठ भिंगाखाली धरावा: हलव्याच्या देठावर बाजूला टणक, कंगोरेदार खवल्यांची छोटी ओळ असते, पापलेटाला ती नसते, आणि कोरणाऱ्याने ती दाखवली असेल तर वरचा रंग कितीही बिघडला तरी शाईची रेघ शाबूत राहते.