नवा कीबोर्ड घेण्याआधी: शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट घरीच तपासा

इंदूरच्या आमच्या दुकानात बरेच कीबोर्ड पिशवीत घालून येतात. 'शिफ्ट चालत नाही', 'कंट्रोल अडकलंय', 'काहीही टाइप केलं तरी भलतंच उमटतं' अशा तक्रारी असतात. आमच्या टेबलावर जोडला की तोच कीबोर्ड नीट चालतो, कारण बिघाड घरी राहिलेल्या सीपीयूत असतो, विंडोजच्या एखाद्या सेटिंगमध्ये. तेव्हा राजवाड्याची गर्दी तुडवत आमच्यापर्यंत येण्याआधी पुढचं करून बघा.

पहिला संशय स्टिकी कीजवर घ्या. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की स्क्रीनवर एक खिडकी उघडते. ती न वाचता 'येस' दाबलं की स्टिकी कीज चालू होतात. ज्यांना एका वेळी दोन बटणं दाबता येत नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय आहे आणि त्यांच्या खूप कामाची आहे. इतरांना मात्र कीबोर्डाला भूत लागल्यासारखं वाटतं. शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी पुढच्या अक्षरापर्यंत ती दाबलेलीच धरली जाते आणि लागोपाठ दोनदा दाबली तर तशीच अडकून राहते.

मराठी टाइप करणाऱ्यांचे तर यात फारच हाल. इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांसाठीची प्रमाणित कीबोर्ड मांडणी) शिफ्टबरोबर अक्षरच बदलतं: क चा ख, त चा थ, ल चा ळ. रामबागेतल्या एका काकूंच्या लग्नपत्रिकेत 'सप्रेम'च्या जागी 'शफअऱएण' आलं होतं. त्यांना वाटलं फॉन्ट खराब झाला, आम्हाला वाटलं शिफ्टचं बटण गेलं. आम्ही नवा कीबोर्ड दिला, तरी 'शफअऱएण' कायम! मग सेटिंग उघडून पाहिलं आणि पैसे परत केले. हा कागद लिहिण्याचं खरं कारण तेच.

बंद कसं करायचं? विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड असं जा (विंडोज 10 मध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या जागी ईज ऑफ ॲक्सेस). तिथे स्टिकी कीज बंद करा. त्याच्याच आत पाच वेळा शिफ्टचा शॉर्टकट आहे, तोही बंद करा, नाहीतर मुलं गेम खेळताना पुन्हा चालू करून ठेवतील.

त्याच पानावर फिल्टर कीज दिसतील. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून ठेवली की त्याची खिडकी उघडते. विचार करता करता बोट तिथेच विसावलं की झालं. हे चालू असलं की भराभर टाइप केलेली अक्षरं गाळली जातात, बटण जरा दाबून धरलं तरच उमटतं. सीपीसीटीची (मध्य प्रदेशातली कॉम्प्युटर आणि टायपिंगची परीक्षा) तयारी करणाऱ्या मुलांनी हे आधी बघावं, उगाच स्वतःच्या स्पीडला दोष देऊ नये.

कंट्रोल अडकलं की माउसचं चाक फिरवताच पान लहान-मोठं होऊ लागतं. विंडोजचं बटण अडकलं असेल तर एल दाबताच कॉम्प्युटर लॉक होतो आणि डी दाबलं की डेस्कटॉप समोर येतो. आम्ही इंटरनेटवरून दूरूनच तुमचा कॉम्प्युटर बघून दिल्यावर असं झालं, तर दोन्ही बाजूंची कंट्रोल, शिफ्ट आणि ऑल्ट एकेकदा दाबून सोडा. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं.

टाइप करताना भाषाच बदलत असेल, तर डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली जात असणार. हा भाषा बदलण्याचा जुना शॉर्टकट आहे. ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये तो काढून टाका. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेसबार पुरे. व्यापारी मंडळींची वेगळीच तक्रार असते, बिलात ₹ येत नाही. उजवी ऑल्ट आणि 4 दाबून ते येतं, पण इंग्लिशमध्ये टाइप करताना कीबोर्डची भाषा इंग्लिश (इंडिया) असेल तरच. यूएस ठेवली असेल तर कितीही दाबा, काही उमटायचं नाही.

सेटिंग की बटण, याचा निकाल लावायला माउसने स्टार्टमधून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा. खरं बटण दाबलं की चित्रातलंही उजळतं. हात न लावता एखादं उजळलेलंच राहिलं आणि स्टिकी कीजही बंद असतील, तर बटण खरोखर अडकलंय. मग कीबोर्डची वायर काढा, तो उलटा धरून हलके झटका, मऊ ब्रशने फटी साफ करा. इंदूरच्या कीबोर्डातून काय निघतं, ते आम्ही सांगायला नको. शेवेचा एक कण शिफ्टखाली बसला की बटण वर येत नाही. पाण्याने मात्र धुऊ नका. चहा सांडला असेल तर लगेच वायर काढून उलटा ठेवा आणि चालू न करता घेऊन या.

एवढं करूनही जमलं नाही, तर शक्यतो सीपीयू घेऊन या, नुसता कीबोर्ड नको. जमत नसेल तर विंडोज कोणतं आणि टायपिंग कशात करता, इनस्क्रिप्ट की रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरसारखी मांडणी), हे लिहून आणा. कीबोर्ड वायरलेस असेल तर त्याचा छोटा यूएसबी रिसीव्हरही काढून आणा, तो हमखास सीपीयूच्या मागे राहतो.