तिरक्या काचेचा हिशेब

पुढच्या ट्रकच्या चाकाखालून हरभऱ्याएवढा खडा उडतो, ‘टक्’ असा आवाज येतो आणि काचेवर नखाएवढा टवका दिसतो. रोजच्या वापरातली गाडी असेल तर मालक एक शिवी हासडतो आणि पुढे निघतो. जगात जेमतेम काहीशे नग असलेली, जमिनीला पोट घासत धावणारी स्पोर्ट्स कार असेल, तर तेवढ्याच टवक्याने त्याची झोप उडते. महागड्या गाडीची काचही महागच असणार, असं म्हणून बहुतेक लोक विषय सोडून देतात. पण किंमत हा हिशेबातला शेवटचा आकडा. तो एवढा का फुगतो, याचं उत्तर त्या काचेच्या तिरकेपणात आहे. डिझायनरने कागदावर एक रेघ खाली झुकवली, की तिची परतफेड प्रकाशाला, काचेला, चिकटद्रव्याला आणि काच बसवणाऱ्याच्या मनगटाला करावी लागते.

आधी त्या टवक्याकडे बघू. काच मुळात दुबळी नाही. सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या अणूंमधल्या बंधांचा हिशेब मांडला, तर तिने पोलादाला लाजवायला हवं. प्रत्यक्षात त्या ताकदीचा शंभरावा हिस्साही हाती लागत नाही. का, ते ॲलन ग्रिफिथ या इंग्लिश अभियंत्याने १९२१ मध्ये सांगितलं. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारीक चरे असतात आणि सगळा ताण त्या चऱ्यांच्या टोकाशी एकवटतो. ग्रिफिथने काचेचे केसासारखे बारीक तंतू ओढून बघितले. तंतू जितका बारीक, तितका तो त्याच्या जाडीच्या मानाने मजबूत निघाला, कारण मोठा चरा मावायला त्यात जागाच नव्हती.

खड्याने पाडलेला टवका म्हणजे असाच एक मोठा, आयता चरा. तो पडला त्या दिवशी काही होत नाही. मग त्यात दमट हवा शिरते. तड्याच्या टोकाशी आधीच ताणून धरलेल्या बंधावर पाण्याचा रेणू जाऊन बसतो आणि तो बंध तोडतो. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. त्यात कोणी उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडला, की सकाळी इंचभर असलेला तडा संध्याकाळपर्यंत हातभर झालेला असतो. टवका काचेच्या कडेजवळ असेल तर हे आणखी लवकर घडतं. कारखान्यात काच थंड होताना तिची अगदी बाहेरची कड दाबाखाली राहते आणि त्याच्या लगेच आतला पट्टा ताणाखाली. त्या पट्ट्यात पोचलेल्या तड्याला पळायला वाट आयतीच मिळते.

छोटा टवका भरून काढता येतो. त्यातली हवा ओढून घेतात, प्रकाशाला जवळपास काचेइतकंच वाकवणारं (म्हणजे तेवढाच अपवर्तनांक असलेलं) पातळ रेझिन आत सोडतात आणि अतिनील दिव्याखाली ते कडक करतात. प्रकाशाला काच आणि रेझिन यांतला फरक फारसा कळत नाही, म्हणून डाग विरतो. विरतो, पुसला जात नाही. चालकाच्या नजरेसमोरच्या भागात म्हणूनच ही डागडुजी टाळतात. आणि तिरक्या काचेत नजरेसमोर उरलेला बारीकसा दोषही जास्त खुपतो. तो किती जास्त, ते पुढे येईलच.

तडा गेला तरी काच अंगावर कोसळत नाही, याचं श्रेय एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाकडे जातं. १९०३ मध्ये त्याच्या हातून प्रयोगशाळेतला एक चंबू खाली पडला. चंबू तडकला, पण विखुरला नाही, कारण आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते. १९०९ मध्ये त्याने दोन काचांमध्ये असा पापुद्रा घालण्याचं पेटंट घेतलं. तो पापुद्रा उन्हाने पिवळा पडायचा. आज त्याच्या जागी पॉलिव्हिनाइल ब्युटिरल, म्हणजे पीव्हीबी असतं. साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये पाऊण मिलिमीटरचा हा चिवट थर, अशी ही मांडणी. बाजूच्या खिडक्यांची काच टेम्पर्ड, म्हणजे तापवून झटकन गार केलेली असते आणि फुटली की तिचे खड्यांसारखे तुकडे होतात. तीच पुढे लावली, तर एका खड्याने डोळ्यांसमोर सगळं पांढरं होऊन जाईल.

आता तिरकेपणाकडे वळू. १९७० मध्ये बेर्तोने या इटालियन डिझाइन कंपनीने लान्चिया स्त्रातोस झिरो नावाची नमुना गाडी दाखवली. उंची फक्त ८४ सेंटिमीटर. माणूस आत शिरणार कुठून? तर पुढची काचच दारासारखी वर उघडायची. तिचा डिझायनर मार्चेल्लो गांदिनी. पुढच्याच वर्षी त्याच्याच हातची लॅम्बोर्गिनी काउन्टाश जिनिव्हात लोकांसमोर आली. नाकापासून छतापर्यंत एकच सरळ उतार, हा पाचरीचा आकार तेव्हापासून या जातीच्या गाड्यांची ओळख होऊन बसला. वारा कापायला त्याचा फायदा होतोच, पण मला विचाराल तर त्यात अर्धा भाग निव्वळ नखऱ्याचा आहे.

समजा, काच जमिनीशी २५ अंशांचा कोन करते. अर्धा मीटर उंची गाठायला उभी काच अर्धा मीटरच लागली असती. या उतारावर १.१८ मीटर लागते. रुंदी १.४ मीटर धरली तर काच झाली दीड चौरस मीटरच्या वर आणि वजन अठरा-एकोणीस किलो, तेही छताजवळ, जिथे वजन नको म्हणून अभियंते जिवाचा आटापिटा करत असतात. २०१५ मध्ये फोर्डने आपल्या जीटी या स्पोर्ट्स कारसाठी वेगळीच काच जाहीर केली ती याच वजनापायी. तिचा आतला थर मोबाइलच्या पडद्याला वापरतात त्या गोरिला ग्लासचा होता. ही काच वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात. काचेतले सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने घुसतात. त्या दाटीमुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि ग्रिफिथच्या चऱ्यांना तोंड उघडायला जागा मिळत नाही. काच पातळ करता आली आणि गाडीचं वजन सुमारे साडेपाच किलोंनी घटलं.

वजनापेक्षा गंमतीचा भाग प्रकाशाचा. समोरून आडवा येणारा किरण उभ्या काचेवर सरळ आपटतो, तेव्हा दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परततो. २५ अंशांच्या उतारावर तोच किरण काचेच्या लंबापासून ६५ अंशांनी तिरका येतो आणि परतणारा प्रकाश २० टक्क्यांवर जातो. काचेतून निदान ७० टक्के प्रकाश पार व्हावा, असा नियम आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये आहे, पण तो मोजतात काचेला काटकोनात. चालक काही काटकोनात बघत नाही. शिवाय डॅशबोर्डवरून वर गेलेला प्रकाशही तितक्याच जोमाने त्याच्या डोळ्यांत येतो. या गाड्यांचे डॅशबोर्ड काळे, मखमलीसारखे निस्तेज का असतात, ते इथे कळतं. तिथे पांढरं चामडं लावलं तर दिवसभर समोर रस्त्याऐवजी डॅशबोर्डचं भूत दिसेल. पोलराइज्ड गॉगल लावला तर मात्र ते भूत जवळजवळ नाहीसं होतं, कारण या कोनातून परतणारा बहुतेक प्रकाश आडव्या दिशेने ध्रुवित झालेला असतो, म्हणजे त्याच्या लाटा आडव्याच डोलतात, आणि असा गॉगल नेमका तोच अडवतो.

आणि हा तो राहिलेला हिशेब. काचेचे दोन पृष्ठभाग कुठे तरी किंचित समांतर नसले, की किरण वाकतो आणि समोरचा विजेचा खांब लचकल्यासारखा दिसतो. उभ्या काचेतल्या एखाद्या दोषाने किरण जितका वाकेल, त्याच्या साडेतीन पटींहून जास्त तो ६५ अंशांनी शिरल्यावर वाकतो. दोष तोच, त्रास साडेतीनपट. म्हणून विकृतीची आणि दुहेरी प्रतिमेची चाचणी मात्र काच गाडीत जितकी तिरकी बसणार, तितकीच तिरकी धरून करतात. रोजच्या गाडीत खपून गेली असती अशी काच इथे सरळ बाद होते.

ही काच फक्त तिरकी असती तरी निभावलं असतं. ती बाजूंना वळतेही आणि वरपासून खालीही फुगीर असते. कागद गुंडाळून नळी करता येते, पण तोच कागद चेंडूला सुरकुती न पाडता चिकटवता येत नाही. सपाट पृष्ठ ताणल्याशिवाय दोन्ही दिशांनी वळवता येत नाही, हे गाउसच्या १८२७ मधल्या सिद्धांतातून निघतं आणि त्यातून काचेचीही सुटका नाही. कारखान्यात काचेची जोडी चौकटीच्या साच्यावर ठेवून सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि ती स्वतःच्याच वजनाने खाली झोळ घेते. जिथे जास्त झोळ, तिथे काच जास्त ताणली जाते आणि जाडी बदलते. म्हणजे आकाराचा हट्ट जितका मोठा, तितका तो मघाचा साडेतीनपटीचा त्रास ओढवायची शक्यता मोठी. लाखो गाड्यांसाठी असा साचा महिनोन्‌महिने बसवून बारीक जुळणी करत राहणं परवडतं. काहीशे गाड्यांसाठी तीच जुळणी तितक्याच कष्टाने करायची आणि दर खेपेला काही काचा भंगारात टाकायच्या. जुन्या दुर्मीळ गाडीची काच कुठेच सापडत नाही, त्यामागे बऱ्याचदा हा साचा असतो.

काच मिळाली असं धरू. आता जुनी काढायची. हल्लीच्या गाड्यांमध्ये काच पॉलियुरेथेन या रबरासारख्या चिकटद्रव्याने चौकटीला चिकटवलेली असते. ते कापायला काचेच्या कडेने बारीक तार किंवा चिवट दोरी ओवून आतून ओढत नेतात. सरळ काचेत हे तासाभराचं काम. इथे काच खाली जाताजाता डॅशबोर्डला इतकी जवळ येते की खालच्या कोपऱ्यात तळहातही शिरत नाही. कारागीर सीटवर उलटा पडून, मान वाकडी करून चाचपडत काम करतो. त्यात चौकटीला ओरखडा जायला नको. पोलादी चौकटीचा रंग खरवडला गेला तर तिथे गंज धरतो आणि गंजावर काहीच टिकून चिकटत नाही. कार्बन फायबर गंजत नाही, पण त्याचे तंतू वीजवाहक असतात. ते ॲल्युमिनियमला उघडे भिडले आणि मध्ये ओल आली, की छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. अशा गाड्यांसाठी वीज जवळपास वाहू न देणारं चिकटद्रव्य निवडतात ते यासाठी.

जुनं पॉलियुरेथेन मुळापासून खरवडून काढायचं नसतं, हे ऐकून नवख्याला नवल वाटतं. एक-दोन मिलिमीटर थर मुद्दाम ठेवतात, कारण नव्या पॉलियुरेथेनला ताज्या कापलेल्या जुन्या थराइतकी चांगली पकड दुसरीकडे क्वचितच मिळते. नव्या काचेच्या कडेला काळी पट्टी असते. ती शोभेसाठी नाही; भट्टीत भाजून बसवलेला तो मिन्याचा लेप खालच्या चिकटद्रव्याचं उन्हापासून रक्षण करतो. पट्टी साफ करायची, प्राइमर लावायचा, त्यानंतर बोट लावायचं नाही. बोटाचं तेल पुरेसं असतं पकड बिघडवायला.

मग चौकटीवर पॉलियुरेथेनची त्रिकोणी धार सोडायची आणि सक्शन कपने उचललेली काच तिच्यावर टेकवायची. दाबल्यावर त्या धारेची जाडी काही मिलिमीटर उरते, आणि एवढी जाडी हवीच. तापमान ५० अंशांनी बदललं तर १.४ मीटर रुंदीची काच जेमतेम ०.६ मिलिमीटर वाढते. तेवढीच लांब ॲल्युमिनियमची चौकट १.६ मिलिमीटर. मधला मिलिमीटर रबरासारख्या त्या थराने पोटात घालायचा. चौकट कार्बन फायबरची असेल तर उलटं होतं: चौकट जवळपास हलत नाही आणि काच वाढू बघते. काच जबरदस्तीने दाबून, पिळून बसवली, तर त्या दिवशी सगळं छान दिसतं आणि आठवड्याने, कुठलाही खडा न लागता, कडेपासून तडा निघतो. मग काच खराब होती की बसवणारा, यावर वाद.

पॉलियुरेथेन वाळत नाही. ते हवेतला ओलावा पिऊन कडक होतं. त्यातले आयसोसायनेटचे गट पाण्याशी अभिक्रिया करतात, थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. ओलावा बाहेरून आत झिरपतो, म्हणून आधी वर साय धरते आणि गाभा कच्चा राहतो. थराची जाडी दुप्पट केली तर पूर्ण कडक व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. कोरड्या, थंड हवेत आणखी जास्त. ही घाई का करायची नाही? अपघातात बऱ्याच गाड्यांमध्ये शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग फुगताना पुढच्या काचेवर टेकूनच प्रवाशाकडे वळते. काच जागची सुटली तर एअरबॅगही तिच्यामागे बाहेर. म्हणून किती तासांनी गाडी हलवायची, हे चिकटद्रव्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं आणि मालकाच्या चुळबुळीने ते बदलत नाही.

काच बसवल्यावर कारागीर वरून टेप लावतो आणि बाजूची खिडकी दोन बोटं उघडी ठेवायला सांगतो. स्पोर्ट्स कारची आतली जागा लहान, सगळे रबर घट्ट. दार आपटलं की कोंडलेली हवा दबते. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजाराव्या हिश्शाने जरी वाढला, तरी चौरस मीटरभर काचेला दहा किलोंचा धक्का आतून बाहेर बसतो आणि खालचं पॉलियुरेथेन अजून लोण्यासारखं मऊ असतं. टेप दुसऱ्या दिवशी काढायची, खिडकीही तेव्हाच लावायची, आणि तोवर दार हळू लोटायचं.