जुने रस्ते आणि पूल : सुधारणा (कोल्हापूर)

कोल्हापुरात जुने रस्ते-पूल सुधारायचे म्हटलं की पंचगंगेचा पूर, पुरातत्त्वाचा कायदा आणि टोल हे तिन्ही आलेच. खड्डे सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे इथं पुलाबद्दल जास्त.

पंचगंगेवरचा जुना दगडी शिवाजी पूल नेमका कधीचा यावर थोडी ओढाताण आहे. काम १८७४ ला सुरू झालं असं काहीजण मानतात, पूर्ण झाल्याचं साल बहुधा १८७८. २०१८ मध्ये सगळे 'एकशेचाळीस वर्षांचा पूल' म्हणत होते तो हिशेबही यावरच बसतो, तेव्हा तेच धरलेलं बरं. दगडी कमानीत लोखंड नसतं, सगळं वजन दाबानं खांबांवर उतरतं, म्हणजे गंजायचा प्रश्न नाही. दुखणं वेगळंच: चुन्याचे सांधे धुपतात, त्यात वड-पिंपळ रुजून मुळं दगड फाकवतात, आणि पुरात खांबाच्या बुडाची माती उकरली जाते. त्यामुळे डागडुजी म्हणजे झाडं मुळासकट काढणं, सांधे भरणं, पोकळीत ग्राउटिंग (म्हणजे दाबानं पातळ चुना-सिमेंट भरणं). कठडा मात्र भार उचलतच नाही, त्यामुळे कमान भक्कम म्हणजे पूल सुरक्षित असं होत नाही. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री मिनीबस कठडा तोडून नदीत कोसळली, १३ जण गेले.

तेव्हा शेजारी पर्यायी पूल अर्धवट उभाच होता! अडचण पुलाजवळच्या ब्रह्मपुरीची. ही सातवाहनकालीन वस्तीची टेकडी, १९४५-४६ ला इथं उत्खनन झालं आणि त्याच्या आसपासच पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची प्रसिद्ध कांस्यमूर्ती मिळाली. पुरातत्त्व कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनं संरक्षित स्थळापासून १०० मीटरात नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरात परवानगी लागते. सार्वजनिक कामांना वाट करून देणारं विधेयक लोकसभेत मंजूर झालं ते जानेवारी २०१८ मध्येच, अपघाताच्या काही दिवस आधी. पर्यायी पूल नंतर पूर्ण झाला.

रस्त्यांचं थोडक्यात: बीओटीवर (कंपनीनं बांधायचं आणि टोलमधून खर्च काढायचा) सुमारे ५० किलोमीटर रस्ते झाले, टोलविरोधी आंदोलन पेटलं, २०१५ अखेर टोल गेला. पण डांबराचा खरा वैरी पाणी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं आणि २०२१ ला ५६ फूट ३ इंचांवर. असं कित्येक दिवस पाण्याखाली राहिलं की खालचा थर भिजून मऊ पडतो, डांबर खडीला सोडतं, आणि वर नुसता नवा थर टाकला तर तोही त्याच वाटेनं जातो. त्यात पाइपलाइनसाठी खणलेली चर नीट धुमस करून भरली नाही की पहिल्या वळवातच रस्ता तिथं खचतो.