विखुरलेल्या टीमचं दुखणं जुनंच

घरून काम आणि ऑनलाइन टीम हे सगळं २०२०च्या महासाथीत सुरू झालं, असा अनेकांचा समज आहे. पण ब्रिटनमध्ये स्टीव्ह शर्ली या उद्योजिकेने १९६२ सालीच ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ ही कंपनी काढली होती, तीही घरून काम करणाऱ्या स्त्रियांच्या बळावर. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग याच कंपनीने केलं. तरीही ग्राहकाशी फोनवर बोलताना शर्ली मागे टायपिंगच्या आवाजाची टेप लावायच्या. घरातला गलबला ऐकू गेला, तर ग्राहकाचा विश्वास उडेल ही धास्ती!

अमेरिकी अभियंते जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये ‘टेलिकम्युटिंग’ची, म्हणजे ऑफिसला न जाता दुरूनच काम करण्याची, कल्पना मांडली, तेव्हा भर होता रोजची ये-जा वाचवण्यावर. माणसं एकमेकांपासून लांब बसली की काय होतं, हे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या थॉमस ॲलन यांनी मोजलं. १९७७ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की इंजिनिअरांच्या टेबलांमधलं अंतर वाढेल तसं त्यांचं बोलणं झपाट्याने घटतं. सुमारे ५० मीटरच्या पुढे तर ते नावापुरतंच उरतं. आणि हे एकाच इमारतीत!

ईमेलने हे अंतर मिटायला हवं होतं. पण तसं झालं नाही. संशोधक कॅथरीन क्रॅम्टन यांचा २००१चा अभ्यास मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांच्या १३ टीम तपासल्या. खरी अडचण निघाली ती समोरच्याची परिस्थिती ठाऊक नसण्याची. मेलला उत्तर आलं नाही, तर त्याचा अर्थ होकार, नकार, की मेल पोचलाच नाही? शेजारी बसलेला माणूस आजारी दिसतो. दूरचा मात्र बेजबाबदार ठरतो. दोष परिस्थितीचा, पण बोल माणसाला लागतो.

यावर एक उपाय ओपन सोर्सवाल्यांना, म्हणजे सर्वांसाठी खुलं सॉफ्टवेअर मिळून लिहिणाऱ्यांना, आधीच सापडला होता. १९९१ पासून लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमची बांधणी जगभरच्या लोकांनी लेखी चर्चेतून केली. त्यामुळे एखादा बदल का झाला, हे नंतर आलेल्यालाही वाचता येतं.

महासाथीत कंपन्यांनी उचलला तो व्हिडिओ कॉल. झूमवरच्या मीटिंगमधली रोजची हजेरी डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे १ कोटी होती, ती एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेली. कॉलमध्ये जे ठरतं ते बहुतेकदा तिथेच राहतं. दहा-बारा तास मागे-पुढे असलेल्या सहकाऱ्याला सकाळी फक्त निर्णय कळतो. तो ‘का?’ विचारतो, तोवर इकडचे झोपलेले असतात, आणि एका ओळीच्या खुलाशासाठी अख्खा दिवस जातो.